नव्या अल्बमच्या निमित्ताने चॅनेल कसे वाढवावे : टिळकवाडीतील एका वर्गाचे परीक्षण

बेळगावात खासगी वर्गांची वानवा कधीच नव्हती. टंकलेखनापासून हार्मोनियमपर्यंत आणि इंग्रजी संभाषणापासून स्पर्धा परीक्षांपर्यंत सगळे काही टिळकवाडी, शहापूर आणि कॅम्प भागांतल्या माडीवरच्या खोल्यांत शिकवले गेले आहे. आता त्यात यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर चॅनेल चालवणाऱ्यांसाठीच्या वर्गांची भर पडली आहे. टिळकवाडीतल्या अशाच एका वर्गाने आपला विषय फार नेमका ठेवला आहे. एखादा मोठा अल्बम प्रसिद्ध होतो तेव्हा त्याच्याभोवती जमणाऱ्या श्रोत्यांमधून आपल्या चॅनेलला कायमचे प्रेक्षक कसे मिळवायचे, एवढेच तेथे शिकवले जाते. वर्ग शनिवार-रविवारी चालतो आणि शुल्क साडेतीन हजार रुपये आहे. मी खानापुरातून नव्या मराठी गाण्यांविषयी एक लहानसे चॅनेल चालवते, म्हणून शुल्क भरून हा वर्ग पूर्ण केला. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण तिचे जे गुणदोष मला दिसले ते अशा बहुतेक वर्गांत थोड्याफार फरकाने आढळतील. माझे मत आधीच सांगून टाकते. कॉपीराइट आणि संपादन यांवरची सत्रे शुल्काचे पुरेपूर मोल देतात, परंतु प्रकाशनाच्या दिवसाचे जे वेळापत्रक शिकवले जाते ते परदेशी अल्बमच्या मापाने बेतलेले आहे आणि सीमाभागातल्या मराठी चॅनेलच्या अंगाला ते बसत नाही.

आधी त्या वेळापत्रकाविषयी. १० जुलै २०१५ पासून जगभरात नवे संगीत शुक्रवारी प्रसिद्ध करण्याचा प्रघात पडला. त्याआधी अमेरिकेत मंगळवार आणि ब्रिटनमध्ये सोमवार हा त्यासाठीचा दिवस होता. शिकवणाऱ्या मॅडमनी सगळी मांडणी या शुक्रवाराभोवती केली. दोन आठवडे आधी कलावंताच्या जुन्या कामाचा आढावा घेणारा व्हिडिओ, एक आठवडा आधी अपेक्षांविषयी प्रेक्षकांचा कौल, शुक्रवारी पहिल्या ऐकण्याची प्रतिक्रिया, रविवारी सविस्तर परीक्षण आणि पुढच्या आठवड्यात एकेका गाण्याचे विवेचन, असा तो क्रम आहे. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटच्या पाच ते वीस सेकंदांत पुढच्या व्हिडिओची खिडकी लावायची, म्हणजे अल्बमचे नाव शोधत आलेला माणूस एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर जातो आणि चॅनेलवर रेंगाळतो, हे त्यांनी चांगले पटवून दिले.

उदाहरण म्हणून त्यांनी टेलर स्विफ्टचा ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ हा अल्बम घेतला. १९ एप्रिल २०२४ रोजी आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले असताना सोळा गाण्यांचा हा अल्बम आला. लगोलग ऐकून दुपारच्या आत परीक्षण टाकायचे, असे ठरवून बसलेल्यांचे संपादन पुरे होण्याआधीच साडेअकराच्या सुमारास आणखी पंधरा गाणी जोडली गेली आणि एकतीस गाण्यांचा, दोन तासांहून अधिक लांबीचा ऐवज समोर उभा राहिला. मॅडमचे म्हणणे असे की अशा वेळी ज्यांनी पहिल्या दोन तासांत केवळ लहानशी प्रतिक्रिया टाकली आणि संपूर्ण परीक्षण रविवारसाठी राखून ठेवले, त्यांना काहीच बदलावे लागले नाही. हे पटण्यासारखे आहे. बियॉन्सेने १३ डिसेंबर २०१३ रोजी आपला अल्बम कोणतीही पूर्वसूचना न देता प्रसिद्ध केला होता, याचाही उल्लेख झाला. थंबनेलचा म्हणजे व्हिडिओच्या दर्शनी चित्राचा साचा, माहितीचा मजकूर, कलावंताविषयीची टिपणे ही सामग्री आधीच तयार असेल तरच असा अनपेक्षित अल्बम हाताशी धरता येतो, हा त्यातला मुद्दा होता. हिंदवाडीतली एक मुलगी कोरियन संगीतावर चॅनेल चालवते. तिने या सत्राची पाने भरभरून टिपणे घेतली, आणि तिच्यासाठी ती उपयोगाचीच आहेत.

अडचण पुढे आली. निपाणीहून आलेल्या, हलगी वाजवणाऱ्या एका तरुणाने विचारले, “मॅडम, आमच्याकडं अल्बम एका दिवसात येतच नाही. एकेक गाणं येतंय. मग शुक्रवार कुठला धरायचा?” प्रश्न अगदी वर्मावर होता. उत्तर मात्र असे मिळाले की तसे असेल तर सुरुवातीला हिंदी किंवा इंग्रजी अल्बम निवडावेत, मराठी पुढे पाहता येईल. या उत्तराने वर्गातली निम्मी माणसे विषयाबाहेर गेली.

मराठी, हिंदी आणि कन्नड या तिन्ही भाषांत मोठा अल्बम म्हणजे बहुधा चित्रपटाचा अल्बम असतो आणि तो तुकड्यातुकड्यांनी येतो. आधी टीझर, मग पहिले गाणे शब्दांसह म्हणजे लिरिकल व्हिडिओच्या रूपात, काही दिवसांनी दुसरे, तिसरे, चित्रपटाच्या आसपास सगळी गाणी एकत्र असलेला ज्यूकबॉक्स आणि चित्रपट पडद्यावरून उतरता उतरता पूर्ण व्हिडिओ गाणी, असा हा क्रम कित्येक आठवडे चालतो. म्हणजे जो चॅनेलवाला परदेशी अल्बमसाठी एका दिवसात धापा टाकतो, त्याला येथे तेवढ्याच कामासाठी महिना-दीड महिना मिळतो आणि प्रत्येक गाण्याबरोबर त्याच प्रेक्षकाला परत बोलावण्याचे निमित्त मिळते. पहिल्या गाण्यावर बोलताना संगीतकाराची पूर्वीची कामे सांगावीत, पुढच्या गाण्यात काय ऐकायला हवे याचा अंदाज बांधून ठेवावा, तो अंदाज खरा ठरला की फसला हे दुसऱ्या गाण्याच्या वेळी दाखवावे आणि ज्यूकबॉक्स आला की सगळ्या गाण्यांचा एकत्रित विचार करावा. प्रेक्षक अंदाज पडताळायला परततो. हा साधा क्रम वर्गात यायला हवा होता आणि तो आला नाही.

‘सैराट’चे उदाहरण घेण्याजोगे होते. २९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या या चित्रपटात अजय-अतुल यांची चारच गाणी आहेत. त्यांच्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले गेले होते, आणि या एकाच गोष्टीवर बोलायला चॅनेलवाल्याला किती जागा होती ते आजही ती गाणी ऐकताना कळते. पण आपल्या भागासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या वर्षी घडली. २०१७ मध्ये हाच चित्रपट कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ या नावाने आला आणि त्याच चाली कन्नड शब्दांत गायल्या गेल्या. एका चालीवर दोन भाषांचे शब्द बसवताना कोठे अक्षर ओढावे लागले, कोठे आघात सरकला, कोठे मूळ गावरान शब्दाची गंमत उतरली आणि कोठे उतरली नाही, हे ऐकून सांगू शकणारा माणूस पुण्यात किंवा बंगळूरमध्ये शोधावा लागतो. खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या गावांत तो प्रत्येक गल्लीत सापडतो, कारण घरात एक भाषा आणि बाजारात व कचेरीत दुसरी, असेच येथील माणूस वाढलेला असतो. मोठ्या शहरांतल्या शेकडो चॅनेलांनी जे पहिल्या तासात सांगून टाकले तेच आपण तीन तासांनी सांगण्यापेक्षा, त्यांना सांगता येणार नाही असे काहीतरी तीन दिवसांनी सांगावे, हे माझे आग्रहाचे मत आहे आणि या वर्गाच्या शिकवणीशी ते थेट विसंगत आहे.

कॉपीराइटवरचे सत्र मात्र उत्कृष्ट झाले आणि त्यासाठी मी हा वर्ग कोणालाही सुचवेन. मॅडमनी सुरुवात एका समजुतीपासून केली. गाण्याचे तीस सेकंद वापरले तर चालते, असे आपल्याकडे जो तो छातीठोकपणे सांगतो. प्रत्यक्षात अशी कोणतीही सेकंदांची सवलत कायद्यात नाही आणि यूट्यूबच्या नियमांतही नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका किंवा परीक्षणासाठी केलेल्या उचित वापराला मुभा आहे, परंतु किती वापर उचित हे प्रसंगानुसार ठरते आणि ते ठरवणारे न्यायालय असते. यूट्यूबवर मात्र पहिली गाठ न्यायालयाशी पडत नाही, ती कॉन्टेंट आयडी या यंत्रणेशी पडते. ही यंत्रणा २००७ पासून चालू आहे. हक्कधारक कंपनीने दिलेल्या मूळ ध्वनीशी प्रत्येक नवा व्हिडिओ ती ताडून पाहते आणि जुळणी झाली तर व्हिडिओ रोखायचा, त्याचे उत्पन्न घ्यायचे की केवळ नोंद ठेवायची, हे कंपनीने आधी ठरवल्याप्रमाणे घडते.

हे त्यांनी नुसते सांगितले नाही, करून दाखवले. एका विद्यार्थ्याच्या मोबाइलवर त्या आठवड्यात गाजत असलेले गाणे लावले, टेबलावर ठेवलेल्या दुसऱ्या मोबाइलने वीसेक सेकंद ध्वनिमुद्रण केले आणि तो तुकडा यादीबाहेरचा म्हणजे दुवा असेल त्यालाच दिसणारा व्हिडिओ म्हणून चढवला. ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर होती, खालच्या रस्त्यावरून गेलेल्या रिक्षाचा भोंगा होता आणि कोणीतरी खोकलेही होते. तरीही प्रकाशित करण्याआधीच्या तपासणीच्या टप्प्यावर गाण्याचे नाव, हक्कधारकाचे नाव आणि कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत जुळणी झाली, हे सगळे पडद्यावर आले. मग वर्गातल्या एका गृहस्थांना त्यांनी त्याच गाण्याचा मुखडा हार्मोनियमवर वाजवायला सांगितला. तो तुकडा त्या वेळी पकडला गेला नाही. परंतु यंत्रणा चालही ओळखू शकते, शिवाय ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि शब्द व चाल यांचा हक्क वेगळा असतो, त्यामुळे हार्मोनियमवर वाजवले म्हणून सुटलो असे समजू नये, हेही त्यांनी लगेच बजावले. परीक्षणात मूळ गाण्याऐवजी दोन ओळी स्वतः वाजवून किंवा गुणगुणून मुद्दा दाखवणे हा मार्ग तरीही सर्वांत शहाणपणाचा आहे. त्यात धोका कमी असतो, आणि प्रेक्षकाला आपले ज्ञान दिसते. ज्या गावात दर चार घरांआड एक पेटी निघते, तेथे यासाठी वेगळे साहित्य घ्यावे लागत नाही.

क्लेम म्हणजे हक्कधारकाचा दावा आणि स्ट्राइक म्हणजे चॅनेलविरुद्धची नोंद, यांतला फरकही येथे पहिल्यांदा नीट उलगडला. क्लेम आला म्हणजे चॅनेलवर डाग पडला असे नव्हे. त्या व्हिडिओचे उत्पन्न दुसरीकडे जाते किंवा तो काही ठिकाणी दिसत नाही, एवढेच. त्यावर आक्षेप घेता येतो आणि उत्तर देण्यासाठी हक्कधारकाला ३० दिवस मिळतात. स्ट्राइक ही गंभीर गोष्ट आहे. ती कायदेशीर मागणीनंतर येते, ९० दिवस टिकते आणि त्या मुदतीत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकते. नव्या अल्बमच्या दिवसांत क्लेमची भीती बाळगून गप्प बसणारेही दिसतात आणि अख्खा अल्बम लाइव्ह लावून ‘ऐकण्याची बैठक’ भरवणारेही दिसतात. दोघांचेही नुकसान होते. बैठक भरवायचीच असेल तर आपण गाणे न वाजवता सर्वांनी आपापल्या ॲपवर एकाच वेळी सुरू करावे आणि आपण फक्त बोलावे, ही मॅडमची युक्ती मला फार आवडली. शॉर्ट म्हणजे यूट्यूबवरचे छोटे उभे व्हिडिओ, त्यांबाबतची एक सूचना तर लिहून भिंतीवर लावावी अशी आहे. १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचे शॉर्ट चालतात, पण एका मिनिटाहून मोठ्या शॉर्टवर कॉन्टेंट आयडीचा क्लेम आला तर तो शॉर्ट रोखला जातो. गाण्याचा शॉर्ट मिनिटाच्या आतच संपवावा. इन्स्टाग्रामवर व्यवसाय खाते असेल तर लोकप्रिय गाण्यांचा संग्रह मर्यादित मिळतो, हे कळल्यावर खडेबाजारात साड्यांचे दुकान असलेल्या एका दादांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांचे कोडे सुटल्याची खूण दिसली.

संपादनाच्या सत्रात प्रत्येकाचा एक व्हिडिओ सर्वांसमोर उघडून त्याचा आलेख पाहिला गेला. प्रेक्षक कोणत्या क्षणी निघून जातात हे दाखवणारी ती रेषा अनेकांनी तोवर उघडूनच पाहिली नव्हती. अनगोळच्या एका तरुणाचा व्हिडिओ सुरू झाला. नमस्कार, स्वतःची ओळख, चॅनेलला सबस्क्राइब करण्याची विनंती, घंटा दाबण्याची विनंती, मागच्या व्हिडिओला मिळालेल्या प्रतिसादाबद्दल आभार, आणि एवढे सगळे झाल्यावर अल्बमचे नाव. पडद्यावरची रेषा नमस्कारापासून आभारापर्यंत सरळ खाली उतरली होती आणि अल्बमच्या नावापाशी सपाट झाली होती. कोणी काही बोलायची गरजच पडली नाही. सुरुवातीच्या दहा-पंधरा सेकंदांत आपले मत सांगून टाकावे आणि कारणे मग द्यावीत, हा नियम परीक्षणाला फार शोभतो. व्हिडिओखालच्या माहितीच्या जागेत प्रकरणांच्या म्हणजे व्हिडिओच्या भागांच्या वेळा द्यायच्या असतील तर पहिली वेळ ०:०० असावी, किमान तीन प्रकरणे असावीत आणि प्रत्येक प्रकरण किमान दहा सेकंदांचे असावे, हेही सांगितले गेले. गाण्यागणिक प्रकरण केले की एकाच गाण्यासाठी आलेला माणूस नेमक्या जागी पोचतो. थंबनेलवर मात्र गरजेपेक्षा फार वेळ गेला.

भाषेचा प्रश्न हा या वर्गाचा सर्वांत कच्चा भाग. ‘हिंदीत करा, प्रेक्षक वाढतील’ हा सल्ला इतक्या वेळा दिला गेला की अखेरीस एका काकूंनी विनोदाने विचारले, मग आम्ही बेळगावात का राहतो? हिंदीचा प्रेक्षक मोठा आहे यात शंका नाही, पण तेथे आधीपासून बसलेल्या चॅनेलांची रांगही तेवढीच मोठी आहे. आपल्याला उपयोगी पडेल अशी सोय यूट्यूबवर आहे आणि वर्गात तिचा ओझरताच उल्लेख झाला: एकाच व्हिडिओला दुसऱ्या भाषेतले शीर्षक आणि माहिती जोडता येते आणि ज्याचे ॲप त्या भाषेत असेल त्याला ते शीर्षक दिसते. मराठी व्हिडिओला कन्नड शीर्षक आणि कन्नड उपशीर्षके जोडली तर गोकाक, हुक्केरी, अथणी भागातल्या अशा श्रोत्यापर्यंत पोचता येते ज्याला मराठी ऐकून समजते पण वाचायला जड जाते. उलट दिशेनेही हेच खरे आहे. एखाद्या मोठ्या कन्नड चित्रपटाचा अल्बम आला की येथल्या मराठी घरांत ती गाणी वाजतात, मिरवणुकीत त्यांवर नाच होतो, परंतु ओळींचा अर्थ विचारला तर बरेच जण अडखळतात. त्या गाण्यांचा अर्थ नीट मराठीत उलगडून सांगणारे चॅनेल काढले तर त्याला प्रेक्षक शोधत फिरावे लागणार नाही. गीताचे संपूर्ण शब्द मात्र व्हिडिओत किंवा माहितीत छापू नयेत, कारण शब्दांवरही हक्क असतो. अर्थ आपल्या भाषेत सांगावा.

दुसऱ्या आठवड्याकडे वर्गाने केलेले दुर्लक्ष हा माझा दुसरा आक्षेप. शिकवण्याचा सगळा भर पहिल्या ४८ तासांवर होता. आपल्याकडे गाण्याचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू होते. गाणे आवडले की ते बँडवाल्यांच्या यादीत जाते, लेझीम आणि झांज पथकांच्या सरावात येते, लग्नाच्या वरातीत येते, शाळेच्या स्नेहसंमेलनात येते. त्या वेळी लोक शोधतात ते परीक्षण नसते. चाल कोणत्या पट्टीत आहे, पेटीवर कशी वाजवायची, ताल कोणता, नाचाच्या पायऱ्या कोणत्या, अमुक ओळीचा अर्थ काय, असे त्यांचे प्रश्न असतात. अशा प्रश्नांची उत्तरे देणारा व्हिडिओ पहिल्या दिवशी फारसा पाहिला जात नाही, पण शोधातून तो हळूहळू आणि बराच काळ पाहिला जातो. निपाणीच्या त्या हलगीवाल्याने नव्या गाण्याचा ठेका सावकाश वाजवून दाखवणारा व्हिडिओ केला, तर मोठ्या शहरातल्या कोणत्याही प्रतिक्रिया-व्हिडिओपेक्षा तो या भागात अधिक काळ चालेल, असे मला वाटते.

सण हाही आपल्याकडचा प्रकाशनदिनच आहे. गणपतीची नवी गाणी श्रावणातच येऊ लागतात आणि मंडळांची जुळवाजुळव त्याच सुमारास सुरू होते. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक जवळ आली की ऐतिहासिक चित्रपटांच्या अल्बममधली गाणी पुन्हा शोधली जातात. वर्गातल्या दिनदर्शिकेत यांपैकी एकही तारीख नव्हती. शास्त्रीय संगीताचा श्रोताही त्यात कोठे नव्हता, आणि हे थोडे लागलेच, कारण ज्या तालुक्यातल्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी कुमार गंधर्वांचा जन्म झाला तेथे नव्या-जुन्या ध्वनिमुद्रणांविषयी बोलणारे आणि ऐकणारे लोक अजूनही आहेत.

आकड्यांविषयीची माहिती बिनचूक होती. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि त्यासोबत मागच्या बारा महिन्यांत चार हजार तासांचे पाहणे किंवा ९० दिवसांत शॉर्टचे एक कोटी व्ह्यूज लागतात. त्याआधीच्या पायरीसाठी, म्हणजे जाहिरातींशिवाय प्रेक्षकांकडून थेट मिळणाऱ्या उत्पन्नासाठी, पाचशे सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि तीन हजार तास किंवा तीस लाख शॉर्ट व्ह्यूज पुरतात. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजला जातो, त्यामुळे अल्बमच्या आठवड्यात आकडा अचानक फुगलेला दिसला तरी पात्रतेसाठी तो सगळा धरला जात नाही, हा इशारा फार वेळेवर होता. श्रोत्यांना गाण्यांचे दुवे देताना एकाच ॲपवर अवलंबून राहू नये, हे मात्र सांगायचे राहून गेले. मार्च २०२४ मध्ये परवान्याच्या वाटाघाटी फिसकटल्यामुळे झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरवली गेली होती. ज्यांनी प्लेलिस्टचा सगळा संसार तेथेच मांडला होता त्यांच्या याद्या त्या काळात ओस पडल्या.

एका गोष्टीवर वर्गाने पाळलेले मौन मला खटकले. नवे गाणे आले की प्रचार करणाऱ्या संस्था लहान चॅनेलांना पैसे देऊन रील करून घेतात, आणि हे काम आता बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडच्या मुलांपर्यंत पोचले आहे. पैसे घेतले असतील तर तसे ठळकपणे सांगावे लागते. भारतीय जाहिरात मानक परिषदेची यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२१ पासून लागू आहेत आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र पुस्तिका काढली आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मी याविषयी विचारले तेव्हा ‘ते पुढच्या स्तराच्या वर्गात घेऊ’ असे उत्तर मिळाले. पुढच्या स्तराचे शुल्क वेगळे आहे. परीक्षण करणाऱ्याने पैसे घेऊन मत दिले आणि ते लपवले, तर मग प्रेक्षक वाढवण्याच्या कलेला काय अर्थ उरतो, म्हणून हा विषय पहिल्याच दिवशी यायला हवा, असे मी त्यांना लेखीही कळवले आहे.

व्यवस्थेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. खोली लहान पण हवेशीर आहे, वीज गेल्यावर प्रोजेक्टर चालू राहील इतपत सोय आहे, चहा दोन वेळा मिळतो. हातात दिलेली टिपणे सगळी इंग्रजीत आहेत. शिकवणे मराठीत आणि टिपणे इंग्रजीत, हा प्रकार खेड्यातून आलेल्या मुलांना अवघड गेला. व्हॉट्सॲप गटावर मॅडम प्रश्नांची उत्तरे देतात, आणि ती मनापासून देतात. वर्ग संपल्यावर एका व्हिडिओचा फेरआढावा शुल्कातच धरलेला आहे, पण तो मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून प्रवेश घेतानाच त्याची तारीख ठरवून घ्यावी.

इंग्रजी किंवा कोरियन संगीतावर चॅनेल चालवणाऱ्यांनी हा वर्ग पूर्ण करावा. मराठी किंवा कन्नड गाण्यांवर काम करणाऱ्यांना कॉपीराइट आणि संपादन ही दोनच सत्रे दोन हजार रुपयांत करण्याची सोय आहे. पत्रकावर तिचा उल्लेख नाही, विचारल्यावर सांगतात. पुढची तुकडी आषाढात सुरू होते. गणपतीच्या गाण्यांवर ज्यांना या वर्षी काही करायचे आहे त्यांना ती वेळ सोयीची पडेल. रविवारचे सत्र सायंकाळी उशिरापर्यंत लांबते, त्यामुळे निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्यांनी परतीच्या बसची वेळ आधी पाहून ठेवावी.